कायद्याच्या पदव्यांमधला फरक फी घेण्याआधी सांगा

प्रति,
मुंबईतल्या विधी महाविद्यालयांचे प्राचार्य आणि कायद्याच्या प्रवेशाचं काम पाहणारे सर्व अधिकारी

सप्रेम नमस्कार.

मी भोईवाडा आणि शिवडीच्या कोर्टात गेली 22 वर्षं वकिली करते. राहते लालबागला. आमच्या मंडळाची एक खोली आहे, भिंतीला टेकवलेला कॅरम बोर्ड आणि वर ढालींची रांग. तिथे दर शनिवारी संध्याकाळी सातनंतर मी बसते. आसपासच्या चाळींतली मुलं, त्यांचे आईवडील, कधी नोकरी करणारी मोठी माणसं येतात आणि एकच विचारतात: वकील व्हायचंय, काय करावं लागेल? एकही पैसा न घेता मी सांगते. पण आता माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे लोक फी भरून झाल्यावर येतात, आणि तेव्हा माझ्या सांगण्याचा काही उपयोग उरलेला नसतो. म्हणून हे पत्र थेट तुम्हाला, आणि सगळ्यांसमोर.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर बसवर कंडक्टर असलेले एक मामा आले. आमच्या वाडीत सगळे त्यांना मामाच म्हणतात. वय 46. नववीत शाळा सुटली, घरची जबाबदारी अंगावर आली. पुढे चाळिशीत त्यांनी मुक्त विद्यापीठाचा, बारावी न झालेल्यांसाठी असलेला पूर्वतयारी शिक्षणक्रम केला आणि मग बी.ए. पूर्ण केलं. ड्युटी संपल्यावर डेपोच्या बाकावर बसून अभ्यास करायचे. पागडीच्या खोलीच्या कज्ज्यात वकिलांच्या मागे फिरून दमले होते, म्हणून ठरवलं, आपणच कायदा शिकायचा. सीईटी ही राज्याची प्रवेश परीक्षा दिली, चांगले मार्क पडले, कॅप राउंडमध्ये, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीत, कॉलेज मिळालं, सोसायटीतून कर्ज काढून फी भरली. तीन महिने सकाळची लेक्चर्स केली. मग एलिजिबिलिटीच्या टप्प्यावर कागद परत आले: अपात्र.

त्यांनी ती फाईल माझ्यासमोर उघडली. प्रत्येक कागद प्लास्टिकच्या कव्हरात, वर पेनाने क्रमांक. शाळा सोडल्याचा दाखला, पूर्वतयारीचं प्रमाणपत्र, तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका, सीईटीचं स्कोअरकार्ड, फीच्या पावत्या. एकही कागद कमी नव्हता, एकही खोटा नव्हता. "ताई, मी काही लपवलं नव्हतं हो," एवढंच म्हणाले.

लपवलं नव्हतंच. वकिलीचे आणि कायद्याच्या शिक्षणाचे नियम करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांत पाचव्या नियमाखाली एक स्पष्टीकरण आहे. दहावी-बारावी करून मग मुक्त किंवा दूरस्थ पद्धतीने पदवी घेतलेला माणूस कायद्याच्या प्रवेशाला चालतो. पण मुळात त्या शिक्षणासाठी लागणारी पात्रता नसताना मुक्त विद्यापीठातून थेट बारावी किंवा पदवी घेतलेला माणूस चालत नाही. मामांची बी.ए. खरी आहे, मेहनतीची आहे, अनेक ठिकाणी चालते. फक्त एलएल.बी.ला चालत नाही. हा नियम बरोबर की चूक, यावर माझं मत आहे, पण आज तो वाद घालत नाही. माझं म्हणणं इतकंच की हा नियम 2008 पासून तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. प्रवेशाच्या खिडकीवर त्यांचा शाळा सोडल्याचा दाखला हातात घेणाऱ्या माणसाला नववी हा शब्द दिसला होता. त्याच क्षणी सांगता आलं असतं. सांगितलं गेलं तीन महिन्यांनी, फी जमा झाल्यावर. परत मिळालेली रक्कम भरलेल्या रकमेच्या जवळपाससुद्धा नव्हती. कॉलेजचं नाव मी घेत नाही. घेतलं तर बाकीचे निवांत होतील, आणि हा प्रकार एका ठिकाणचा नाही.

मी आणि मामा कागद-पेन्सिल घेऊन हिशेब करत बसलो. दहावी, बारावी, पुन्हा पदवी, मग तीन वर्षं एलएल.बी. साठीच्या जवळ पोचतील. त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली.

हे माझं पहिलं गाऱ्हाणं. दुसरं माझ्या स्वतःच्या आयुष्याशी जोडलेलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझे वडील गिरणीत होते. 1982 च्या संपानंतर त्यांची नोकरी गेली आणि पुढे ते एका इमारतीत वॉचमन झाले. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला असताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मी परीक्षा दिली, पास झाले आणि दुसऱ्या महिन्यात एका ऑफिसात अकाउंट्सला लागले. दोन वर्षं घर सावरलं, मग एलएल.बी.ला नाव घातलं. त्या दोन वर्षांत माझ्या हातात बी.कॉम. होती. त्या एका कागदावर मला नोकरी मिळाली, त्या नोकरीवर भावाचं शिक्षण झालं.

आता समजा मी बारावीनंतर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला गेले असते आणि तिसऱ्या वर्षी सोडावं लागलं असतं. हातात काय उरलं असतं? पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात मधूनच बाहेर पडून पहिली पदवी वेगळी काढून घेण्याला त्याच 2008 च्या नियमांत, तेराव्या नियमात, मनाई आहे. नव्या ठिकाणी मधल्या वर्षाला शिरण्यालाही मनाई आहे. म्हणजे तीन वर्षं शिकूनही मी कागदावर बारावी पासच राहिले असते.

चाळीत राहणाऱ्या घराला तीन वर्षांची आणि पाच वर्षांची पदवी यातला खरा फरक हा असतो. सल्ला देणारे सांगतात की बारावीनंतर पाच वर्षं म्हणजे एक वर्ष वाचतं, कारण पदवीची तीन आणि एलएल.बी.ची तीन मिळून सहा होतात. हिशेब बरोबर आहे. ज्या घरात पाच वर्षं सलग फी भरण्याची खात्री आहे, तिथे मीही पाच वर्षांचाच रस्ता सुचवते. मुलगी लवकर कोर्टात उभी राहते, इंटर्नशिपला वेळ मिळतो, विषयांची सांगड चांगली बसते. पण ज्या घरात एका माणसाच्या आजारपणावर सगळं कोसळू शकतं, तिथे आधी पदवी आणि मग कायदा हा रस्ता एक वर्ष लांब असला तरी मध्ये थांबायला जागा देतो. हे आईवडिलांना कुणी सांगितलेलं नसतं. माझ्या हाती आलेल्या एका कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत इमारतीचे अकरा फोटो होते, आणि मध्येच सोडलं तर काय, याबद्दल अक्षर नव्हतं. पुस्तिका सबंध इंग्रजीत होती.

आपल्या मुंबईत यात आणखी एक गुंता आहे. बाहेर बी.ए. एलएल.बी. म्हणतात त्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला मुंबई विद्यापीठात वर्षानुवर्षं बी.एल.एस. (बॅचलर ऑफ लीगल सायन्स) एलएल.बी. हे नाव आहे. आमच्या वाडीतला एक मुलगा तिसऱ्या वर्षानंतर आर्थिक अडचणीने थांबला. त्याला सगळे सांगत होते, तुझं बी.एल.एस. झालंच की. एका भरतीच्या ऑनलाइन फॉर्ममध्ये पदवीच्या यादीत बी.ए. होतं, बी.कॉम. होतं, बी.एस्सी. होतं. बी.एल.एस. नव्हतं. तो ज्या ऑफिसात चौकशीला गेला तिथल्या बाईंनी विचारलं, हे काय असतं? आणि आपल्याला नेमकं काय मिळालंय हे त्यालाही सांगता येईना. तीन वर्षं त्या वर्गात बसलेल्या मुलाला आपल्या हातातल्या कागदाचा अर्थ माहीत नाही, ही त्याची चूक मी मानत नाही.

तिसरं गाऱ्हाणं डिप्लोमांचं. काळाचौकीची एक मुलगी, मराठी माध्यमातली, फार हुशार. तिने 28,000 रुपये भरून कामगार कायद्याचा डिप्लोमा केला. खासगी संस्था होती. माझ्याकडे पेढे घेऊन आली आणि म्हणाली, "मॅडम, आता सनदेसाठी अर्ज कुठे करायचा?" त्या पेढ्यांच्या पुड्याला अजून दोरा बांधलेला होता आणि मला तिला सांगावं लागलं की सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळणार नाही. कामगार कायद्याचा, सायबर कायद्याचा, बौद्धिक संपदेचा डिप्लोमा वाईट नाही. कारखान्याच्या कार्मिक विभागात, कंपनीच्या कामकाजात त्याचा उपयोग होतो. कायद्याची पदवी नसलेल्यांनाही प्रवेश देणारे बिझनेस लॉचे मास्टर्स अभ्यासक्रम असतात, तेही ज्याला ज्ञान हवं त्याला उपयोगी. पण यातल्या कशानेही कोर्टात उभं राहता येत नाही. 1961 च्या ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम 24 खाली नाव नोंदवायचं तर मान्यताप्राप्त कॉलेजातली एलएल.बी. लागते, आणि ती घरबसल्या, पोस्टाने किंवा मोबाइलवर होत नाही. तरी रेल्वे स्टेशनच्या जिन्यांवर 'घरबसल्या एलएल.बी.' अशा चिठ्ठ्या मी स्वतः वाचल्या आहेत. "फक्त परीक्षेला या, हजेरीचं आम्ही बघतो," असं एका एजंटने माझ्यासमोर एका बापाला सांगितलं. 2008 च्या नियमांत 70 टक्के हजेरी लिहिलेली आहे. मुलगा तिसऱ्या वर्षाला जाऊन अडकला तर तो एजंट फोन उचलणार नाही, हे त्या बापाला मी सांगितलं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि एजंटबरोबर निघून गेला, कारण एजंट मराठीत, समजेल असं बोलत होता.

या शेवटच्या वाक्यावर प्राचार्य महोदयांनी जरा थांबावं, अशी विनंती आहे. लोक एजंटकडे जातात कारण तो त्यांच्या भाषेत बोलतो, त्यांना खुर्ची देतो, चहा विचारतो. तुमच्या खिडकीवर "वेबसाइट बघा" एवढंच उत्तर मिळतं.

बाकी गोंधळ थोडक्यात लिहिते, पण यातला प्रत्येक प्रश्न मला वर्षातून कित्येकदा विचारला जातो.

तीन वर्षांची एलएल.बी. केलेला वकील कमी दर्जाचा असतो का? अजिबात नाही. सनदेवर तीन की पाच असं लिहिलेलं नसतं. कोर्टात दोघेही सारखेच उभे राहतात. नियमांप्रमाणे इंटर्नशिप तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे. ऑनर्स म्हणजे एखाद्या विषयगटाचे आठ जादा पेपर, अभ्यास खोल होतो, सनद तीच.

एलएल.एम. केलं की मोठा वकील होतो का? एलएल.एम. एलएल.बी.नंतरची पदवी आहे. ज्याला शिकवायचं आहे त्याला ती लागतेच, सोबत सहसा नेट किंवा सेट ही प्राध्यापकांची पात्रता परीक्षा. खटला चालवायला तिची गरज नाही. एका आईने मंगळसूत्र गहाण ठेवून मुलाला एलएल.एम.ला घातलं, कारण तिला वाटलं होतं त्याशिवाय हायकोर्टात जाता येत नाही. ती आधी आली असती तर मी तिचा हात धरला असता.

सीईटी दिली म्हणजे राष्ट्रीय विधी विद्यापीठात जाता येईल का? नाही. पवईच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाला क्लॅट ही वेगळी, देशपातळीवरची प्रवेश परीक्षा लागते, आणि क्लॅट इंग्रजीतच असते. राज्याची सीईटी मराठीतही देता येते. ही दोन वेगळी दारं आहेत हे मुलांना बारावीच्या सुट्टीत कळतं, तोवर एक दार बंद झालेलं असतं.

परदेशातून एलएल.बी. करून आलं की लगेच सनद? नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता आणि इथली परीक्षा आधी.

आणि पदवी मिळाल्यावर? राज्याच्या बार कौन्सिलकडे नावनोंदणी, मग वकिलीसाठी पास व्हावी लागणारी ऑल इंडिया बार परीक्षा. ती परीक्षा मराठीतही देता येते, हे माझ्या शनिवारच्या खोलीत पहिल्यांदा ऐकणारे पदवीधर मी पाहिले आहेत. नावनोंदणीची फी कायद्यात खुल्या वर्गाला 750 रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना 125 रुपये आहे. 30 जुलै 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की राज्यांच्या बार कौन्सिलांना यापेक्षा जास्त घेता येणार नाही. गरीब घरच्या मुलाला हे पहिल्या वर्षीच ठाऊक असेल तर शेवटच्या खर्चाची धास्ती कमी होते. तसंच 20 मे 2025 च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली सक्तीची झाली. "पदवी झाली की थेट जेएमएफसी", म्हणजे खालच्या कोर्टात न्यायाधीश, या आशेवर ज्यांनी प्रवेश घेतला, त्यांच्या घराला तीन वर्षांचा वेगळा हिशेब करावा लागणार आहे. तो हिशेब तुमच्या कॉलेजातल्या किती मुलांसमोर मांडला गेला?

या शहरात 1855 पासून कायद्याचं कॉलेज आहे. 1935 ते 1938 या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे प्राचार्य होते. ते परळच्या बीआयटी चाळीत राहिले होते, माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. त्या चाळींतून आजही मुलं काळा कोट घालायची स्वप्नं बघतात. आमच्या भागाला कायद्याचं शिक्षण नवं नाही. म्हणून मी भीक मागत नाही, हक्काने मागते.

माझ्या मागण्या अशा.

फी घेण्याआधी प्रत्येक विद्यार्थ्याला मराठीत एक पान द्या. त्यावर पदवीचं पूर्ण नाव, किती वर्षं, सनद मिळते की नाही, मध्येच सोडलं तर हातात काय राहतं, हजेरी किती, इंटर्नशिप किती आणि सगळ्या वर्षांची मिळून एकूण फी. विद्यार्थ्याने आणि पालकाने वाचून सही करावी, एक प्रत त्यांच्याकडे राहावी. एक पान पुरतं, मी स्वतः शनिवारी वहीच्या एका पानावर ते लिहून देते.

मुक्त विद्यापीठातून आलेल्यांची कागदपत्रं फीच्या आधी तपासा. तपासायला वेळ लागणार असेल तर प्रवेश तात्पुरता धरा आणि फी घेऊ नका. तुमच्याकडून तपासणी राहिली आणि नंतर अपात्र ठरवलं, तर पूर्ण रक्कम परत करा. पूर्ण म्हणजे पूर्ण, प्रोसेसिंगच्या नावाखाली काही कापू नका.

डिप्लोमा आणि सर्टिफिकेट कोर्स चालवणाऱ्या प्रत्येक कॉलेजने आणि संस्थेने जाहिरातीत, फॉर्मवर आणि पावतीवर ठळक अक्षरांत छापावं: या अभ्यासक्रमाने वकिलीची सनद मिळत नाही.

बी.एल.एस.बद्दल लेखी खुलासा करा. तिसऱ्या वर्षानंतर थांबलेल्याला काय मिळतं, काय मिळत नाही, ते कुठे ग्राह्य धरलं जातं. जे आधीच थांबले आहेत त्यांनाही तसं पत्र द्या. आमच्या वाडीतला तो मुलगा आता एका कुरिअरच्या गोदामात आहे, त्याला ते पत्र हवं आहे.

प्रवेशाच्या दिवसांत प्रत्येक कॉलेजात एक माणूस बसवा, जो मराठीत बोलेल आणि फक्त प्रश्नांची उत्तरं देईल. शनिवारी दुपारनंतरही बसवा, कारण रोजंदारीवरच्या आईबापाला इतर दिवशी येता येत नाही. कॉलेजच्या दारात उभे राहणारे एजंट हटवा.

पुढच्या सीईटीची नोंदणी सुरू होण्याआधी याचं लेखी उत्तर मिळावं. मामांची फाईल त्यांच्या परवानगीने माझ्याकडे आहे. ती घेऊन मी तुमच्यापैकी कुणाच्याही कार्यालयात यायला तयार आहे, मामाही रजा टाकून येतील. दिवस आणि वेळ कळवा.

आपली,
लालबागची एक वकील